पाळण्यातले पाय आणि सोळाव्या वर्षाचा पेच

पंधरा-सोळा वर्षांच्या एखाद्या मुलाने केलेल्या गंभीर गुन्ह्याची बातमी वृत्तपत्रात आली, की तिच्यावरील चर्चेत दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. ‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ हे पहिले आणि ‘हल्लीची पिढीच बिघडली आहे’ हे दुसरे. बहुधा ती एकाच माणसाच्या तोंडून एकापाठोपाठ येतात, आणि त्यांचे परस्परांशी जुळत नाही हे कोणाच्या लक्षात येत नाही. स्वभाव पाळण्यातच ठरलेला असेल तर पिढीला दोष देता येत नाही, आणि दोष काळाचा असेल तर पाळण्यात पाहण्यासारखे काही उरत नाही. वस्तुतः या दोन विधानांमागे दोन निरनिराळ्या प्रकारची मुले उभी आहेत. सोळाव्या वर्षी ती एकसारखी दिसतात. त्याआधी आणि त्यानंतर मात्र त्यांच्यात फार मोठे अंतर असते. हे अंतर ज्या पद्धतीने उलगडले, ते काम मला मानसशास्त्रातील सर्वांत देखण्या कामांपैकी एक वाटते.

म्हणीची परीक्षा घ्यायची कशी? तुरुंगातील कैद्यांना किंवा त्यांच्या आईवडिलांना बालपणाविषयी विचारणे हा सोपा मार्ग झाला, पण तो फसवा आहे. मुलगा गुन्हेगार ठरल्यावर त्याच्या लहानपणचा प्रत्येक हट्ट नव्या अर्थाने आठवू लागतो. शिवाय लहानपणी तितकीच हूड असलेली, पण पुढे सरळ मार्गाला लागलेली मुले तुरुंगात सापडणारच नसतात, त्यामुळे त्यांची गणना होत नाही. खरे उत्तर हवे असेल तर एका गावात जन्मलेली सगळी मुले घ्यायची, ती पुढे कशी निघतील हे कोणालाही ठाऊक नसताना त्यांच्या नोंदी करायच्या, आणि मग वाट पाहायची.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील ड्युनेडिन शहरात नेमके हेच झाले. १ एप्रिल १९७२ ते ३१ मार्च १९७३ या काळात तेथील प्रसूतिगृहात जन्मलेल्या १,०३७ मुलांचा अभ्यास ती तीन वर्षांची असताना सुरू झाला आणि तो अजूनही चालू आहे. दर काही वर्षांनी प्रत्येकाची दिवसभर तपासणी होते, आणि जो परदेशी गेला असेल त्याला अभ्यासाच्या खर्चाने विमानाने परत आणले जाते. वयाच्या ४५व्या वर्षी, हयात असलेल्या ९९७ जणांपैकी ९३८ जण तपासणीस हजर राहिले. हा आकडा केवळ कौतुकाचा नाही. अशा अभ्यासांतून सर्वांत आधी गळतात ती भटकी, व्यसनी, कायद्याच्या कचाट्यात सापडलेली माणसे. म्हणजे ज्यांच्यासाठी अभ्यास मांडला तीच. ड्युनेडिनमध्ये ती गळाली नाहीत, आणि निष्कर्षांचे वजन त्यामुळेच आहे.

तीन वर्षांच्या प्रत्येक मुलाबरोबर परीक्षकाने सुमारे ९० मिनिटे घालवली आणि त्याच्या वागण्याची नोंद केली. त्या नोंदींतून स्वभावाचे पाच गट पडले. सुमारे १० टक्के मुले चंचल, उतावीळ आणि क्षणात चिडणारी होती, सुमारे ८ टक्के बुजरी आणि भित्री होती, आणि सर्वांत मोठा गट परिस्थितीशी सहज जुळवून घेणाऱ्यांचा होता. तेवीस वर्षांनी, २६व्या वर्षी, याच माणसांची व्यक्तिमत्त्वे मोजली गेली. लहानपणी उतावीळ असलेली मुले आता सरासरीने अधिक चिडखोर, अधिक भांडखोर आणि ‘लोक आपल्याशी वाईट वागतात’ असे मानणारी निघाली. बुजरी मुले पुढे येण्यास कचरणारी आणि आनंद कमी अनुभवणारी निघाली. दीड तासाच्या निरीक्षणातून पाव शतकानंतरच्या माणसाची अंधुक का होईना, चाहूल लागते, ही गोष्ट थक्क करणारी आहे. म्हणीत तथ्य आहे ते एवढे. मात्र हा संबंध सरासरीचा असून मध्यम ताकदीचाच आहे, आणि त्यावरून एकेका मुलाविषयी निकाल देता येत नाही.

आता माझ्या सर्वांत आवडीच्या भागाकडे वळतो. बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ अडोल्फ केतले यांनी १८३१ मध्येच दाखवून दिले होते की गुन्ह्याकडे असलेला कल वयानुसार ठरावीक रीतीने बदलतो. आडव्या अक्षावर वय आणि उभ्या अक्षावर गुन्ह्यांचे प्रमाण मांडले, तर उंच सुळक्यासारखा आलेख मिळतो: बारा-तेराव्या वर्षापासून चढ, सतराव्याच्या आसपास शिखर आणि विशीत वेगाने उतार. देश आणि काळ बदलला तरी सुळक्याचे स्वरूप बरेचसे तेच राहते. पण हा सुळका तयार कशाने होतो? शक्यता दोन आहेत. एक तर गुन्हे करणारी माणसे तीच राहतात, पण सतराव्या वर्षी त्यातील प्रत्येक जण अधिक गुन्हे करतो. किंवा प्रत्येकामागे गुन्ह्यांची संख्या साधारण तेवढीच राहते, पण गुन्हे करणाऱ्यांची संख्याच त्या वयात फुगते. पोलिसांकडील एकूण बेरजेवरून या दोहोंत फरक करता येत नाही, कारण गुणाकार दोन्हीकडे सारखाच येतो. त्यासाठी तीच माणसे वर्षानुवर्षे पाहावी लागतात, आणि तशी पाहिल्यावर दुसरी शक्यता खरी ठरली: सुळका मुख्यतः नव्याने आत येणाऱ्या मुलांच्या गर्दीने उभा राहतो आणि ती गर्दी ओसरली की खाली येतो.

ड्युनेडिनच्या नोंदींवर काम करणाऱ्या टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये यावरून पुढचे पाऊल टाकले. त्यांचे म्हणणे असे, की हा एक आलेख नसून एकावर एक ठेवलेले दोन आलेख आहेत. तळाशी एक लहान, जवळजवळ सपाट पट्टी आहे: चौथ्या वर्षी चावणारी, दहाव्या वर्षी चोरी करणारी, विसाव्या वर्षी मारामारी करणारी आणि तिशीतही न थांबणारी मोजकी माणसे. त्या पट्टीवर किशोरवयापुरता एक मोठा डोंगर येऊन बसतो: ज्यांच्या बालपणात काहीही खटकण्यासारखे नव्हते आणि ज्यांच्या तिशीतही फारसे नसेल, अशी मुले. पहिल्यांना त्यांनी आयुष्यभर टिकणाऱ्या वर्तनाचा गट म्हटले, दुसऱ्यांना किशोरवयापुरत्या वर्तनाचा.

दोन्ही गटांमागची कारणे वेगळी आहेत. पहिल्या गटातील मुलाच्या मेंदूच्या जडणघडणीत आरंभापासून काही बारीक उणिवा असतात. भाषा उशिरा येते, लक्ष टिकत नाही, राग आवरत नाही. असे मूल सांभाळायला विलक्षण धीर लागतो, आणि पुष्कळदा ते अशा घरात जन्मते जिथे गरिबी, व्यसन किंवा भांडणे यांनी तो धीर आधीच संपवलेला असतो. मूल चिडते, त्याला मार बसतो, माराने ते अधिक चिडते. शाळेत त्याला मित्र मिळत नाहीत, म्हणून मैत्री करायला शिकण्याची संधीही मिळत नाही. म्हणजे नुसता स्वभाव किंवा नुसती परिस्थिती नव्हे, तर दोघांचा वर्षानुवर्षे चढत जाणारा चक्रवाढ व्याजासारखा हिशेब येथे काम करतो.

दुसऱ्या गटाचे कारण मॉफिट यांनी आधुनिक समाजाच्या रचनेत शोधले. सुधारलेल्या पोषणामुळे मुले लवकर वयात येतात. शिक्षण लांबल्यामुळे कमाई, स्वतंत्र घर आणि स्वतःचे निर्णय मात्र उशिरा वाट्याला येतात. शरीर मोठ्याचे आणि स्थान लहानाचे, अशी ही पाच-दहा वर्षांची पोकळी असते. नेमक्या त्याच वेळी वर्गात मागे बसणारा, आतापर्यंत कोणी ज्याच्याशी बोलतही नव्हते असा पहिल्या गटातील मुलगा सिगारेट ओढतो, कोणाची तरी मोटरसायकल उडवत येतो, घरी उत्तर द्यायला बांधील नसतो. जे मोठेपण इतरांना हवे आहे ते त्याच्यापाशी असल्यासारखे दिसते, आणि म्हणून एरवी समंजस असलेली मुले त्याची नक्कल करू लागतात. या दुसऱ्या गटाच्या व्यक्तिमत्त्वात निर्दयता किंवा दुरावा ठळकपणे आढळला नाही. उलट १८व्या वर्षी पुढाकार घेण्याचा आणि इतरांवर छाप पाडण्याचा गुण त्यांच्यात दिसला. नोकरी, जोडीदार आणि जबाबदारी मिळाली की नक्कल करण्याचे कारणच संपते. बहुतेक जण सावरतात; जे सावरत नाहीत, ते एखाद्या सापळ्यात अडकलेले असतात: पोलिसांकडील नोंद, व्यसन किंवा अर्धवट सुटलेले शिक्षण.

सात ते २६ वर्षांपर्यंतच्या नोंदी एकत्र केल्यावर ड्युनेडिनच्या मुलग्यांत १०.५ टक्के आयुष्यभर टिकणाऱ्या गटात मोडले, १९.६ टक्के किशोरवयात सुरुवात करणाऱ्या गटात आणि ४५.६ टक्के कधीच फारसे न बिघडणाऱ्या गटात. उरलेल्या २४.३ टक्क्यांचा मूळ सिद्धान्तात समावेश नव्हता. ही मुले लहानपणी व्रात्य होती आणि पुढे ती निवळली. या आकड्यापाशी थोडे थांबावे. लहानपणी ज्यांचे पाय वाकडे दिसले, त्यांच्यातील सावरलेल्यांची संख्या न सावरलेल्यांच्या दुपटीहून अधिक होती. पाळण्याकडे पाहून एखाद्या मुलाला ‘वाया गेलेला’ ठरवणारा बहुतेक वेळा चुकतो तो असा.

भाकितांचा विषय निघाला आहे, म्हणून पत्रिकेविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. मूल तापट किंवा शांत निघेल हे जन्मवेळेवरून सांगणारे आपल्याकडे गावोगावी आहेत. पुण्यात २००८ मध्ये जयंत नारळीकर यांनी नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांसह एक चाचणी घेतली. हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका एकत्र मिसळून प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका देण्यात आल्या, आणि त्यांतील हुशार कोण व मतिमंद कोण हे ओळखायला सांगितले. उत्तरे पाठवणाऱ्या २७ ज्योतिषांची अचूकता सरासरी ४६ टक्के भरली. नाणे उडवूनही साधारण ५० टक्के मिळाले असते. ड्युनेडिनचे भाकीत मुलाकडे पाहून केले जाते, त्याच्या मर्यादा आकड्यांत सांगितल्या जातात, आणि चुकल्यास ते सुधारले जाते. व्यक्तिमत्त्वाच्या विज्ञानाला ज्योतिषाची नवी आवृत्ती समजणाऱ्यांनी हा भेद ध्यानात घ्यावा.

स्वभावाचा संबंध केवळ गुन्ह्याशी नाही. याच मुलांच्या तीन ते अकरा या वयातील आत्मसंयमाचे मोजमाप पालक, शिक्षक, निरीक्षक आणि मुले स्वतः अशा अनेकांच्या सांगण्यावरून केले गेले. आत्मसंयमात सर्वांत खालच्या पंचमांशातील ४३ टक्के जणांना ३२व्या वर्षापर्यंत कोणत्या ना कोणत्या गुन्ह्यात शिक्षा झाली होती, सर्वांत वरच्या पंचमांशात हे प्रमाण १३ टक्के होते. आरोग्य आणि आर्थिक स्थिती यांतही अशीच उतरंड दिसली, आणि बुद्ध्यांक व घरची सांपत्तिक स्थिती हिशेबात धरूनही ती पुसली गेली नाही. ज्यांचा संयम मोठेपणी वाढला, त्यांचे आयुष्य अपेक्षेपेक्षा बरे गेले. ३८व्या वर्षापर्यंत ज्यांना एकदाही मानसिक विकाराचे निदान लागू झाले नाही असे केवळ १७ टक्के जण होते. ते अधिक श्रीमंत घरचे, अधिक निरोगी किंवा अधिक बुद्धिमान नव्हते. लहानपणी मनाला फारसा त्रास करून न घेणे, मित्र असणे, चांगला आत्मसंयम आणि कुटुंबात मानसिक विकारांचा इतिहास नगण्य असणे, यांनी ते वेगळे उठून दिसले.

वयाच्या ४५व्या वर्षी ६७२ जणांच्या मेंदूंची चित्रे घेतली गेली, तेव्हा आयुष्यभर टिकणाऱ्या गटातील व्यक्तींच्या मेंदूचे बाह्य आवरण सरासरीने पातळ आणि क्षेत्रफळाने लहान आढळले; किशोरवयापुरत्या गटात असे व्यापक फरक आढळले नाहीत. हा फरक जन्मापासूनचा, की दीर्घकाळच्या व्यसनांचा आणि हालअपेष्टांचा परिणाम, हे एका चित्रावरून ठरत नाही. म्हणून ‘गुन्हेगाराचा मेंदू सापडला’ अशा मथळ्यांपासून दूर राहणेच बरे.

आपल्या देशात २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार, १६ ते १८ वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल तर त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालवावा का, हे ठरवण्यासाठी बाल न्याय मंडळाला त्याची मानसिक क्षमता, परिणामांची समज आणि गुन्ह्याची परिस्थिती यांचे प्राथमिक मूल्यांकन करावे लागते. मॉफिट यांच्या कामाचा येथे थेट संबंध येतो. त्या वयात दोन्ही गटांचे वर्तन इतके सारखे असते, की गुन्हा कोणता आणि किती हे पाहून गट ओळखू येत नाही. भूतकाळ पाहावा लागतो. मुलगा बालवाडीत कसा होता, बोलायला कधी लागला, पहिली तक्रार कोणत्या इयत्तेत आली, त्याला मित्र होते का, या प्रश्नांची उत्तरे परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याच्या सामाजिक तपास अहवालात यायला हवीत. ती अहवालातील एका परिच्छेदात आटोपली जाऊ नयेत. त्यासाठी मुलाच्या पहिलीच्या बाईंना शोधून काढून, तास-दीड तास त्यांच्याशी बोलावे लागेल.