माळ ‘ओसाड’ नाही
सोलापूर-अहिल्यानगरकडचा उघडा माळ दिसला की कुणीतरी म्हणतंच, ‘इथं पूर्वी दाट जंगल होतं, तोडलं म्हणून ओसाड झालं. झाडं लावा!’ सरसकट असं नाही. वर्षाला ५००-६०० मिलिमीटर पाऊस, खाली मुरमाड उथळ जमीन. अशा ठिकाणी गवत आणि मधूनच एखादं हिवर किंवा बाभूळ हेच बऱ्याच माळांचं मूळ रूप. कुसळी, मारवेल ही गवतं उन्हाळ्यात वरून वाळतात, पण मुळं जिवंत असतात. पाऊस पडला की पुन्हा फुटतात. सरकारदरबारी मात्र ‘पडीक’! लांडगा, चिंकारा, धाविक पक्षी याच उघड्यावर जगतात. माळढोक पक्ष्याला तर लांबवर दिसणारं मोकळं रान लागतं. १९७९ साली त्याच्यासाठी सोलापूरजवळ नान्नजला अभयारण्य झालं. तिथं गिरिपुष्पाच्या झाडांची दाटी करणं म्हणजे त्याला हुसकावणंच.