आपला फ्लू घरातल्या मांजराला होतो का?

पावसाळा लागला की पुण्यात घरोघरी सर्दी-ताप सुरू होतो, आणि आपण पांघरूण घेऊन पडलो की मांजर हमखास त्यात शिरतं कारण ऊब मिळते. मग डोक्यात येतंच की माझं आजारपण याला लागेल का? तर हो, लागू शकतं. सगळे व्हायरस नाही, पण काही नक्की.

२००९ चा ऑगस्ट आठवा, स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू आपल्या पुण्यात झाला होता, शाळा बंद, मॉल बंद, नायडू हॉस्पिटलला टेस्टसाठी ही गर्दी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत आयोवात १३ वर्षांच्या एका मांजरात तोच स्वाइन फ्लूचा व्हायरस, एच१एन१, सापडला, आणि ते मांजर घराबाहेर जाणारं नव्हतंच, आधी घरातली माणसं आजारी पडली होती. सुदैवाने ते बरं झालं.

मग कोविडमध्ये हाँगकाँगचा पॉमेरेनियन, न्यूयॉर्कच्या झूमधली वाघीण, आणि मे २०२१ मध्ये हैदराबादच्या नेहरू झूमधले आठ सिंह पॉझिटिव्ह आले. व्हायरस पेशीत शिरतो तो पेशीवरच्या ठराविक प्रोटीनला चिकटून, कोविडच्या बाबतीत ते एसीई-२, आणि मांजराचं एसीई-२ आपल्याशी बरंच मिळतंजुळतं आहे म्हणून त्याच्यात हा व्हायरस वाढतो, एका मांजराकडून दुसऱ्याकडेही जातो. कुत्र्यात तो फारसा वाढत नाही. तरीही तेव्हा घाबरून कित्येकांनी पाळलेली जनावरं रस्त्यावर सोडली, याचा मला अजून राग येतो, अहो आजार बहुतेक वेळा आपल्याकडूनच त्यांच्याकडे गेला होता!

ससा पाळणाऱ्यांनी तर हे वाचाच. तापानंतर आपल्या ओठावर बारीक फोड येतात तो हर्पीस, आपल्याला किरकोळ वाटतो पण सशाला झाला तर मेंदूला सूज येऊन तो दगावू शकतो, त्यामुळे फोड असताना सशाची पापी अजिबात घ्यायची नाही.

अर्थात मांजर शिंकलं की लगेच स्वतःला दोष देऊ नका, बहुतेक वेळा ते मांजरांचेच हर्पीस नाहीतर कॅलिसी व्हायरस असतात, आणि ते आपल्याला होत नाहीत. आपल्याला फ्लू असेल तर चार दिवस त्याला वेगळ्या खोलीत झोपवा, खाणं घरातल्या दुसऱ्या कोणाला द्यायला सांगा, जमत नसेल तर मास्क लावून हात धुऊन द्या. मांजराच्या अंगाला सॅनिटायझर, फिनाइल काही पुसू नका, ते चाटून सगळं पोटात घेतं.

आणि प्लीज, अंग गरम लागलं म्हणून आपली पॅरासिटामॉल देऊ नका. ती पचवायला लागणारं एन्झाइम मांजराच्या लिव्हरमध्ये जवळजवळ नसतंच, एका गोळीनेसुद्धा जीव जाऊ शकतो. खाणं सोडलं असेल, तोंड उघडं टाकून श्वास घेत असेल तर तडक व्हेटला फोन करा आणि घरात कोण आजारी होतं, कधीपासून, हे आधी सांगा.