पॉवर स्टेअरिंग बसवलं, तरी जुनी गाडी भरकटते का?

गणपती जवळ आले की चिपळूण, खेड, सावंतवाडीकडच्या गॅरेजांत जुन्या गाड्या दिसू लागतात. अँबॅसेडर, महिंद्राची जीप, आणि कागदावर प्रीमियर पद्मिनी असली तरी गावात सगळे जिला फियाटच म्हणतात ती. मालकाने गाडी जिवापाड जपलेली असते, रंग नवा असतो आणि हौसेने पॉवर स्टेअरिंगही बसवून घेतलेलं असतं. तक्रार मात्र ठरलेली असते : "स्टेअरिंग एका बोटाने फिरतं, पण हायवेला गाडी सरळ जात नाही. सारखी सावरावी लागते." मग पॉवर स्टेअरिंगला तेलाचा दाब देणारा पंप बदलतात, ऑइल बदलतात, आणि गाडी पुन्हा तशीच भरकटते.

पंपाचं ते कामच नव्हे. पॉवर स्टेअरिंग हाताला जोर पुरवतं. गाडी सरळ ठेवतात ते पुढच्या चाकांचे कोन आणि सांध्यांचा घट्टपणा. पन्नास वर्षांच्या गाडीत हे दोन्ही ढिलावलेले असतात, आणि जोर आयता मिळू लागला की तो ढिलेपणा हाताला जाणवेनासा होतो. दोष तिथेच राहतो, त्याची खबर मिळणं तेवढं बंद होतं. मला यातला धोका इथेच दिसतो.

मुळात स्टेअरिंग जड का लागतं ते आधी पाहू. उभ्या गाडीत चाक वळवायचं म्हणजे रस्त्याला टेकलेलं रबर जागच्या जागी घासत पिळायचं. गाडी जराशी सरकली तरी चाक फिरता फिरता तो पीळ सुटत जातो. म्हणून जुने ड्रायव्हर गाडी हलती ठेवूनच स्टेअरिंग मारायचे. या पिळाला लागणाऱ्या जोराचं एक ढोबळ सूत्र टायरच्या अभ्यासकांनी फार पूर्वीच मांडलं आहे. टायरमधली हवा कमी झाली की हा जोर दाबाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो, आणि चाकावरचं वजन वाढलं की वजनाच्या दीडाव्या घाताने वाढतो. म्हणजे हवा ३० पीएसआयवरून २० वर आली तर जवळपास २२ टक्के जास्त जोर लागतो. पुढचं वजन २० टक्क्यांनी वाढलं तर ३० टक्क्यांहून अधिक. पेट्रोल इंजिन काढून जड डिझेल इंजिन बसवलेल्या गाडीचे मालक खांदे का चोळत उतरतात, ते या हिशोबात आहे. वर रुंद टायर चढवले असतील तर बघायलाच नको. काही गाड्यांना पॉवर स्टेअरिंगची गरजच नसते, योग्य मापाचे टायर आणि नीट भरलेली हवा पुरते.

आता ढिलेपणा. मिस्त्री त्याला 'प्ले' म्हणतात. चाळीस सेंटीमीटर व्यासाचं स्टेअरिंग कडेला अडीच सेंटीमीटर फिरेपर्यंत पुढची चाकं हलतच नाहीत, असं समजा. हा झाला सुमारे ७ अंशांचा कोन. स्टेअरिंगचं गुणोत्तर १६ ला १ धरलं, म्हणजे स्टेअरिंग १६ अंश फिरलं की चाक १ अंश वळतं, तर रस्त्यावरच्या चाकाच्या हिशोबात तो अर्ध्या अंशाहूनही कमी भरतो. क्षुल्लक वाटतो. पण ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी, दोन चाकांच्या आसांत २.४ मीटर अंतर असलेली गाडी एवढ्याशा कोनाने एका सेकंदात साधारण ४० ते ४५ सेंटीमीटर बाजूला सरकते. सागरी महामार्गाच्या अरुंद पट्ट्यावर समोरून एसटी येत असताना एवढी जागा हाताशी नसते.

हा प्ले कुठून येतो ते गाडीवर अवलंबून आहे. अँबॅसेडर ही मॉरिस ऑक्सफर्डची वारसदार, तिला पहिल्यापासून रॅक आणि पिनियन, म्हणजे छोट्या दातेरी चाकाने आडवी सरकणारी दातेरी पट्टी. फियाट आणि जुन्या जीपला स्टेअरिंग बॉक्स, म्हणजे गिअरची पेटी, आणि त्यापुढे दांड्यांची साखळी. साखळी लांब म्हणजे सांधे जास्त, आणि प्रत्येक सांधा आपापली झीज त्यात घालतो. तपासायची रीत सोपी आहे. एकाने स्टेअरिंग थोडं थोडं डावीउजवीकडे हलवत राहायचं आणि दुसऱ्याने गाडीखाली प्रत्येक सांध्यावर बोटं ठेवायची. जिथे अलीकडचा भाग हलतो आणि पलीकडचा उशिरा हलतो, तिथे बोटाला ठोका लागतो.

हर्णैच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या एका जीपचा टाय रॉड एण्ड, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांडीच्या टोकाचा गोळ्याचा सांधा, मी हातात घेऊन निरखला होता. सांधा झाकणारा रबरी बूट वरून धडधाकट, खालच्या बाजूला मात्र नखभर चीर. आतलं ग्रीस जांभ्याच्या धुळीने विटकरी झालेलं, दोन बोटांत चोळलं की कचकच लागत होतं. गोळा पुसून पाहिला तर एका बाजूची चकाकी गेलेली आणि तिथे गंजाचे बारीक खड्डे. मीठ इथे नुसतं उडून येत नाही, ते पाणी धरून ठेवतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईडही असतं, ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं होतं. त्यामुळे किनाऱ्यावरच्या गाडीचे सांधे पाऊस नसतानाही खाऱ्या पाण्याच्या पातळ थराखाली असतात, आणि लोखंड गंजायला तेवढा थर पुरतो. देशावरच्या गाडीत जो बूट दोन वर्षं चालून जातो, तो इथे दर पावसाळ्यानंतर वाकून बघायलाच हवा.

सांधे घट्ट झाले तरी गाडी भरकटत असेल तर गाठ कॅस्टरशी आहे. चाक ज्या आसाभोवती वळतं तो आस वरच्या टोकाला किंचित मागे कललेला असतो, त्या कलण्याला कॅस्टर म्हणतात. त्यामुळे आसाची रेषा रस्त्याला जिथे मिळते ती जागा टायर टेकतो त्याच्या थोडी पुढे पडते, आणि टायर तिच्या मागोमाग ओढला जातो. हात सोडून सायकल सरळ जाते त्यात या मागे राहण्याचा मोठा वाटा आहे. चाकाची त्रिज्या ३० सेंटीमीटर असेल तर १ अंश कॅस्टरला हे अंतर जेमतेम ५ मिलिमीटर भरतं, ४ अंशांना २१ मिलिमीटर. म्हणजे स्टेअरिंग आपणहून मधोमध परतवणारा जोर कितीतरी वाढतो.

पण हाच जोर वळवताना हाताला भारी पडतो. म्हणून बिनपॉवरच्या जमान्यात कितीतरी गाड्यांना कॅस्टर मुद्दाम कमी ठेवत. त्यात सांध्यांतले बुश, म्हणजे रबरी नळ्या, झिजले की तो आणखी घटतो. अशा गाडीला पॉवर स्टेअरिंग लावलं की मूळचा तुटपुंजा परतीचा जोर व्हॉल्व्हच्या आणि सीलच्या घर्षणातच जिरून जातो. वळणावरून सुटल्यावर स्टेअरिंग परत येत नाही, आणि सरळ रस्त्यावर गाडीला मध्य सापडत नाही. मदतीला पंप आहेच, तेव्हा आता कॅस्टर वाढवायला हरकत नसते. चाक धरणाऱ्या आर्मखालच्या शिम, म्हणजे पातळ चकत्या, बदलून किंवा बुशची जागा सरकवून तो ३ ते ४ अंशांपर्यंत नेता आला, तर बहुतेक तक्रारी तिथेच मिटतात. अलाइनमेंटच्या दुकानात नुसतं "अलाइनमेंट करा" म्हटलं तर बहुधा टो-इन, म्हणजे दोन चाकं पुढून किती आत वळलेली आहेत ते, तेवढा जुळवून देतात. दोन्ही चाकांचा कॅस्टर मोजून आकडा लिहून मागावा.

तिसरा दोष पॉवर स्टेअरिंग बसवतानाच गाडीत शिरतो, आणि मला तो सगळ्यांत रंजक वाटतो. नवा बॉक्स किंवा रॅक जुन्या जागी बसत नाही, म्हणून स्टेअरिंगचा दांडा कापून मध्ये युनिव्हर्सल जॉइंट घालतात. गॅरेजमधला शब्द 'क्रॉस'. वाकड्या बसलेल्या एका क्रॉसमधून फिरणं एकसारखं पलीकडे जात नाही. ३० अंशांचा कोन असेल तर स्टेअरिंग एकाच वेगाने फिरवलं तरी पलीकडचा दांडा कधी ०.८७ पट, तर कधी १.१५ पट वेगाने फिरतो, आणि हा चढउतार एका फेऱ्यात दोनदा होतो. हाताला ते 'हलकं, जड, हलकं, जड' असं लागतं. दोन क्रॉस समान कोनात बसवले आणि मधल्या दांड्याच्या टोकांचे, क्रॉसला धरणारे दोन्ही काटे एका रेषेत ठेवले, तर पहिल्याची चूक दुसरा बरोबर पुसतो. काटे ९० अंशांनी फिरले तर चूक दुप्पट. रॉबर्ट हूकने सतराव्या शतकात अभ्यासलेली ही भूमिती आहे. वेल्डिंग करण्यापूर्वी काट्यांवर खडूची एक सरळ रेघ मारली, तर नंतरचा सगळा मनस्ताप वाचतो.

मग पंपाचा काहीच दोष नसतो का? असतो, पण वेगळा. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्याने १९२६ मध्ये पिअर्स-ॲरो गाडीवर तेलाच्या दाबाचं स्टेअरिंग चालवून दाखवलं. १९५१ मध्ये क्रायस्लर इम्पीरिअलमधून ते बाजारात आलं. आजच्या हायड्रॉलिक स्टेअरिंगमध्ये हात आणि पिनियन यांच्यामध्ये एक बारीक पोलादी कांडी असते. हाताने जोर लावला की ती किंचित पिळते, व्हॉल्व्हची तोंडं उघडतात आणि दाबाखालचं तेल पिस्टनच्या एका बाजूला जातं. १५ चौरस सेंटीमीटरच्या पिस्टनवर ५० बारचा दाब आला तर साधारण साडेसातशे किलो वजनाएवढा रेटा मिळतो. जड एसयूव्हीचा पंप नऊशे किलोच्या फियाटला लावला तर तेलाचा प्रवाह गरजेपेक्षा जास्त होतो आणि रस्ता हाताला कळतच नाही. घाटात पहिल्या पावसात चिखलमाती वाहून आल्यावर टायरची पकड सुटू लागते, तेव्हा स्टेअरिंग आधी हलकं पडतं. ती सूचना मिळायला हवी. म्हणून प्रवाह कमी करून घ्यावा आणि स्टेअरिंगला थोडं वजन राहू द्यावं. पंप फिरवणाऱ्या पट्ट्याकडेही लक्ष हवं. ढिला पट्टा पाण्याचे सपकारे बसले की घसरतो आणि नेमकं वळणावर स्टेअरिंग जड होतं.

हलक्या गाडीला माझी पसंती इलेक्ट्रिक स्टेअरिंगला आहे. १९८८ मध्ये सुझुकीच्या सर्व्हो या छोट्या गाडीत ते पहिल्यांदा आलं. त्याची मोटर डॅशबोर्डखाली कॉलमवर, म्हणजे स्टेअरिंगच्या दांड्यावरच असते, त्यामुळे खारं पाणी आणि चिखल यांच्यापासून दूर. मात्र जोर लागतो तेव्हा ही मोटर ४० अँपिअर किंवा त्याहून जास्त ओढते, आणि त्या काळचा वीज बनवणारा डायनामो २२ अँपिअरच्या आसपास दमतो. आधी जास्त वीज देणारा अल्टरनेटर, मग स्टेअरिंग. नव्या गाडीतला कॉलम आणला तर त्याला गाडीचा वेग कळवणारा संदेशही द्यावा लागतो, नाहीतर हायवेलाही तो पार्किंगइतकीच मदत करत राहू शकतो. आणि कोणताही बदल करण्यापूर्वी आरटीओत विचारून घ्यावं.

एक सवय मात्र मोडायलाच हवी. आंबा किंवा कुंभार्ली घाट उतरताना पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडणारे अजून भेटतात. इंजिन थांबलं की पंप थांबतो. चाकांशी दांड्याचा संबंध तुटत नाही, पण आता वाढवलेला कॅस्टर, रुंद टायर आणि व्हॉल्व्हमधलं तेल या सगळ्यांचं ओझं एकट्या हातावर येतं. कॉलम नव्या गाडीचा असेल तर चावी काढताच स्टेअरिंग लॉकही होऊ शकतं. उतारावर गाडी गिअरमध्ये आणि इंजिन चालूच हवं. मदत गेल्यावर स्टेअरिंग किती जड होतं ते घाटात कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. इलेक्ट्रिक असेल तर त्याचा फ्यूज, हायड्रॉलिक असेल तर फक्त पंपाला फिरवणारा पट्टा काढून, मोकळ्या मैदानात अगदी हळू वेगाने दोन्हीकडे वळून पाहावं, आणि गाडी चालवणाऱ्या घरातल्या प्रत्येकाला ते करायला लावावं.