मशीन हँग की नुसतं सेशन हँग?

पासवर्ड टाकला, एंटर दाबलं, स्वागताचं वर्तुळ चार फेऱ्या फिरलं आणि थांबलं. आपण म्हणतो, ‘पीसी हँग झाला.’ या एका शब्दात दोन वेगळी दुखणी दडलेली असतात. एकात अख्खं मशीन गोठतं, अगदी ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यापर्यंत, म्हणजे कर्नेलपर्यंत. दुसऱ्यात मशीन टक्क जागं असतं, फक्त तुमच्या नावाने उघडू पाहणारं सेशन कुठेतरी अडून बसतं. वरून दोन्ही सारखीच दिसतात. पण बिघाड रॅममध्ये असेल तर विंडोज दहादा नव्याने टाकूनही गुण येत नाही, आणि सेशन अडलेलं असताना रॅम बदलणं म्हणजे नुसता भुर्दंड.

ओळखायची सोपी खूण कीबोर्डवरच आहे. एक-दोन मिनिटं थांबून कॅप्स लॉक दाबा. तो दिवा कीबोर्ड सहसा आपल्या मर्जीने लावत नाही, त्याला कॉम्प्युटरकडून हुकूम यावा लागतो. दिवा लागतोय-विझतोय, तर कर्नेल जिवंत आहे. दिवा ढिम्म, माउस ढिम्म, आणि आवाज चालू असेल तर एकच घरघर सुरू, तर मशीनच गोठलं असं समजा. बऱ्याच वायरलेस कीबोर्डांना दिवाच नसतो. मग नेटवर्कवरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पिंग करा, म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक मारून उत्तर येतं का बघा, अर्थात हे मशीन एरवी पिंगला उत्तर देत असेल तर.

दिवा लागला की काम निम्मं हलकं झालं. विंडोजवर कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून टास्क मॅनेजर उघडतो का बघा. उघडला तर तिथूनच विंडोज एक्सप्लोरर पुन्हा सुरू करता येतो. स्क्रीन काळी असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. लिनक्सवर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ ने अक्षरी कन्सोल मिळाला, तर आत शिरून आधी डिस्क भरली आहे का ते पाहा. होम फोल्डरला तसूभर जागा उरली नसेल तर डेस्कटॉप सुरूच होऊ शकत नाही, आणि लोक उगाच ड्रायव्हर बदलत बसतात.

पुढची चाचणी मला सगळ्यात आवडते: नवं यूजर खातं. त्यातून अलगद आत जाता आलं तर दोष तुमच्या प्रोफाइलमध्ये किंवा त्या खात्याबरोबर सुरू होणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. तेही अडकलं तर लॉगिन स्क्रीनवर शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा आणि स्टार्टअप सेटिंग्जमधून सेफ मोडमध्ये जा, म्हणजे विंडोज फक्त अत्यावश्यक ड्रायव्हर घेऊन सुरू होतं. तिथे सुरळीत चाललं तर संशय ड्रायव्हर आणि स्टार्टअप प्रोग्रॅमवर. ते निम्मे-निम्मे बंद करत गेलात की चोर सापडतो. त्याआधी नेटवर्कची केबल आणि जास्तीची यूएसबी उपकरणं काढून बघा. कधीच बंद पडलेल्या सर्व्हरवरचं नेटवर्क ड्राइव्ह शोधत लॉगिन ताटकळलेलं असू शकतं.

मशीनच गोठत असेल तर ‘पण नेमकं लॉगिनलाच का?’ हा प्रश्न चकवतो. त्या क्षणी प्रोफाइल, अँटीव्हायरस, फायलींचं सिंक, सगळे एकदम डिस्क, रॅम आणि प्रोसेसरवर तुटून पडतात. अधू रॅम किंवा थकलेला पॉवर सप्लाय मान टाकतो तो तेव्हाच. म्हणून लॉगिन न करता मशीन तासभर तसंच सोडून पाहा. तरीही गोठलं तर सेशन निर्दोष सुटलं. मग बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये, रॅमचा वाढवलेला वेग मूळ पदावर आणा, रॅम तपासणारा मेमटेस्ट रात्रभर चालवा, तापमान बघा.

विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, ‘कर्नेल-पॉवर ४१’ दिसलं म्हणून लगेच पॉवर सप्लाय विकत घेऊ नका. मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं, एवढंच ती नोंद सांगते. वैतागून तुम्ही स्वतः बटण दाबून धरलं असेल, तरी ती पडते.

या वाटणीत न बसणारी एक गोष्ट उरते, ती म्हणजे मरू घातलेली डिस्क. माउस हलतो, कॅप्स लॉकचा दिवा लागतो, पण क्लिक केलं की काहीच होत नाही आणि डिस्कचा दिवा सतत पेटलेला. लक्षणं सगळी सेशनची, रोग मात्र हार्डवेअरचा. इथे स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचे, आकडे काढा: हार्ड डिस्कवर ०५ म्हणजे बदली दिलेले सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचता न आल्याने खोळंबलेले. सी५ शून्याच्या वर असेल तर चेकडिस्कला (विंडोजच्या डिस्क तपासणीला) हात लावण्याआधी फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या, कारण खराब सेक्टर शोधणारी ती तपासणी डिस्क एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाचते, आणि तेवढा ताण आजारी डिस्कला झेपेलच असं नाही.