आंबणं संपलं की अडकलं?

आठव्या-नवव्या दिवशी एअरलॉकची (भांड्यातला वायू बाहेर सोडणाऱ्या पाण्याच्या झडपेची) टुपूक-टुपूक बंद होते, वरचा फेस खाली बसतो, आणि घरी बिअर करणाऱ्याचा हात बाटल्यांकडे वळतो. मी हायड्रोमीटर (द्रवाची घनता दाखवणारी तरंगती काचेची नळी) सोडला. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता; साखर आंबत जाते तशी ती उतरते) १.०५० होती, आता १.०२०. यीस्टच्या पाकिटावरच्या अंदाजाप्रमाणे ती १.०१२ च्या आसपास यायला हवी होती. आता प्रश्न असा, की ही बिअर तयार झाली आहे, की यीस्ट अर्ध्या वाटेत बसलं आहे? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. शांत फर्मेंटर (आंबवायचं भांडं), तळाला गाळ, वर हळूहळू निवळत चाललेली बिअर.

पण आत घडलेलं अगदी वेगळं असतं. आंबणं संपतं तेव्हा यीस्टला खाता येईल अशी साखरच उरलेली नसते. अडकतं तेव्हा साखर असते, यीस्टही असतं, पण ते खायचं थांबलेलं असतं. पहिल्या बिअरमध्ये आणखी काही होणार नाही. दुसरीत कधीही होऊ शकतं, बाटलीचं बूच लागल्यावरसुद्धा, आणि म्हणूनच हा फरक मी इतक्या हट्टाने समजावतो.

आधी बुडबुड्यांवरचा विश्वास काढून टाका. झाकण नीट बसलं नसेल तर वायू कडेने निसटतो आणि जोरात आंबत असतानाही एअरलॉक गप्प असतो. उलट खोली तापली किंवा हवेचा दाब कमी झाला, की बिअरमध्ये विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि संपलेल्या बिअरवरही बुडबुडे येतात. तेव्हा एअरलॉक वायू बाहेर पडतोय एवढंच सांगतो, तो का पडतोय ते सांगत नाही.

ग्रॅव्हिटी मात्र सांगते, पण ती नीट घ्यावी लागते. नमुना दोन ग्लासांमध्ये दहा-बारा वेळा ओतून त्यातला वायू घालवा. नाहीतर हायड्रोमीटरला चिकटलेले बारीक बुडबुडे त्याला वर उचलतात आणि आकडा खोटाच जास्त दिसतो. नळीत सोडल्यावर त्याला बोटांनी एक गिरकी द्या, स्थिर होऊ द्या, आणि डोळे पातळीला आणून वाचा. काचेला चढलेली कड सोडून मधल्या सपाट भागाशी जुळणारी रेघ धरायची. तापमानही पाहा. २० अंश सेल्सियसला जुळवलेला हायड्रोमीटर ३० अंशांच्या नमुन्यात दोन-तीन अंक (म्हणजे ०.००२-०.००३) कमी दाखवतो. मग अडकलेली बिअर संपल्यासारखी भासू शकते.

रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वळतो त्यावरून साखर मोजणारं यंत्र) वापरणाऱ्यांची गफलत उलट बाजूची. अल्कोहोल प्रकाशाला पाण्यापेक्षा जास्त वळवतं. त्यामुळे १.०५० वरून १.०१२ वर व्यवस्थित उतरलेली बिअर दुरुस्ती न करता वाचली तर १.०२५ च्या जवळपास दिसते. कित्येक "अडकलेल्या" बिअर फक्त या यंत्रात अडकलेल्या असतात.

आता समजा आकडा खरा आहे, १.०२० च आहे. म्हणजे ग्रॅव्हिटीचे ५० पैकी ३० अंक उतरले, ६० टक्के. बहुतेक एल यीस्ट (एल हा उबेत आंबवलेल्या बिअरचा प्रकार) ७० ते ८० टक्के उतरवतात, म्हणून संशय येतो. पण पाकिटावरचा आकडा ही यीस्टची सवय झाली. तुमच्या वर्टमध्ये (आंबण्याआधीच्या माल्टच्या गोड पाण्यात) काय होतं, हे त्याला माहीत नसतं. मॅश (गरम पाण्यात भिजवलेला माल्ट) ६३-६५ अंशांवर ठेवला तर बीटा अमायलेज हे एन्झाइम स्टार्चची बारीक, आंबणारी साखर करतं. ६९-७० अंशांवर ते एन्झाइम लवकर निकामी होतं, अल्फा अमायलेज हे दुसरं एन्झाइम काम करत राहतं आणि मोठे डेक्स्ट्रिन (स्टार्चचे अर्धवट तुटलेले तुकडे) उरतात, जे साधं बिअर यीस्ट खात नाही. क्रिस्टल माल्ट (न आंबणारा गोडवा देणारा भाजका माल्ट) भरपूर घातला असेल, किंवा लॅक्टोज (दुधातली साखर) घातलं असेल, तर तोच परिणाम. अशी बिअर १.०२० वर खरोखरच संपलेली असते. तिला हलवा, ऊब द्या, नवं यीस्ट घाला, आकडा हलणार नाही, कारण उरलेला गोडवा यीस्टसाठी नाहीच.

अडकण्याची कारणं यीस्टच्या बाजूची असतात. रात्री खोली गार पडली आणि यीस्ट वेळेआधीच गोळा होऊन तळाला गेलं. यीस्ट जुनं होतं किंवा कमी पडलं. सुरुवातीला वर्टमध्ये ऑक्सिजन पुरेसा विरघळला नाही, म्हणून पेशींचं आवरण दुबळं राहिलं. साधी साखर फार घातल्यामुळे नायट्रोजनयुक्त पोषण पातळ झालं. काही सेझाँ यीस्ट (सेझाँ या बेल्जियन बिअरचे) तर १.०३५ च्या आसपास थांबण्यासाठीच ओळखले जातात आणि उबेत ठेवल्यावर पुन्हा चालू लागतात.

तेव्हा दोन दिवसांच्या अंतराने तीनदा ग्रॅव्हिटी घेऊन ती तेवढीच राहिली, म्हणजे झालं, हा सर्वत्र दिला जाणारा सल्ला मला अपुरा वाटतो. अडकलेली बिअरसुद्धा आठवडाभर एकच आकडा दाखवते. स्थिर आकड्याने फक्त "थांबलं" हे कळतं.

निकाल देणारी चाचणी सोपी आहे आणि ती फार कमी जण करतात. निर्जंतुक बरणीत पाव लिटर बिअर काढा, त्यात गरजेपेक्षा कितीतरी जास्त ताजं बिअर यीस्ट घाला, तोंड सैल झाका, २५ अंशांच्या आसपास ठेवा आणि जाता-येता हलवत राहा. दोन-तीन दिवसांनी गाळ बसू देऊन वाचा. बरणी १.०२० वरच राहिली तर मोठा फर्मेंटर संपलेला आहे. १.०१२ वर उतरली तर तो अडकला आहे, आणि त्याला कुठवर जायचं आहे तेही कळलं. मी आता ही बरणी बिअर शिजवण्याच्या दिवशीच थोड्या वर्टवर लावून ठेवतो. मग पुढे अंदाज करायची वेळच येत नाही.

बाटलीत उतरू शकणारे हे आठ अंक (१.०२० ते १.०१२) क्षुल्लक वाटतात, म्हणून हिशेब मांडतो. ग्रॅव्हिटीचा एक अंक उतरला की बिअरच्या आकारमानाच्या साधारण निम्मा वायू तयार होतो. आठ अंकांचा चारपट. त्यात आधीच विरघळलेला जवळजवळ एकपट आणि प्रायमिंगच्या साखरेचा (बाटलीत फेसासाठी घातलेल्या साखरेचा) दीडपट मिळवा. नेहमीच्या एलमध्ये एकूण अडीचपट असतो, इथे तो सहापटीच्या वर जातो. माझी एक बाटली अशीच कपाटात फुटली, तेव्हा काचेचा तुकडा लाकडी दारात रुतून बसला होता. समोर कुणी असतं तर, हा विचार अजून पाठ सोडत नाही.

अडकलंय हे नक्की झालं, तर फर्मेंटर २१-२२ अंशांवर आणा आणि न उघडता हलक्या हाताने गोल फिरवून तळाचं यीस्ट वर उठवा. ढवळून हवा मिसळू नका, या टप्प्यावर ऑक्सिजन बिअरची चव बिघडवतो. तीन दिवसांत फरक नसेल तर वेगळ्या भांड्यात जोमाने आंबत असलेलं यीस्ट घाला. कोरडी पूड थेट अल्कोहोलमध्ये टाकली तर ती सहसा तग धरत नाही.

एक जागा मात्र अशी आहे जिथे संपलेलंसुद्धा पुन्हा सुरू होतं. आंबून झालेल्या बिअरमध्ये कोरडे हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुलं) घातले, की हॉप्समधली एन्झाइम डेक्स्ट्रिन फोडतात आणि यीस्टला नवं खाद्य मिळतं. ब्राउन आणि मॉरिस यांनी हे १८९३ मध्येच मांडलं होतं. डायस्टॅटिकस जातीचं यीस्ट तर डेक्स्ट्रिन फोडणारं एन्झाइम स्वतःच सोडतं आणि आठवडेच्या आठवडे सावकाश खात राहतं. म्हणून हॉप्स घातल्यानंतरची ग्रॅव्हिटी नव्याने घ्यायची, आणि ती उतरायची थांबेपर्यंत बाटल्या रिकाम्याच ठेवायच्या.