डेझर्ट मॉब

मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी प्रदेशातील आदिवासी चित्रकार, विणकर व कुंभार यांच्या कलाकृतींचे वार्षिक प्रदर्शन. सुरुवात १९९१. ते ॲलिस स्प्रिंग्ज येथील अरालुएन कलाकेंद्रात भरत आले आहे. ही भूमी अरेंटे लोकांची. त्यांच्या भाषेत गावाचे नाव म्पार्न्ट्वे. ‘मॉब’ म्हणजे येथे जमाव नव्हे. आदिवासींच्या बोलीतल्या इंग्रजीत हा शब्द आपल्या माणसांसाठी, गणगोतासाठी येतो.

प्रदर्शनाचे मोठेपण त्याच्या निवडपद्धतीत आहे. दूरदूरच्या वस्त्यांमधील कलाकेंद्रे आपापल्या कलाकृती स्वतः निवडून पाठवतात. ही केंद्रे आदिवासींच्याच मालकीची असून ‘डेझार्ट’ ही त्यांची संघटना आहे. एर्नाबेलाचे केंद्र १९४८ पासून, तर युएंडुमूचे १९८५ पासून चालू आहे.

आपले आपण ठरवण्याच्या या हक्काचे मोल पापुन्या या वाळवंटी वस्तीच्या हकिकतीवरून कळते. १९७१ मध्ये तेथील शाळेच्या भिंतीवर वडीलधाऱ्या पुरुषांनी मधमुंग्यांची पूर्वजकथा रंगवली. काही वर्षांतच त्या भिंतीवर रंग फासून चित्र बुजवण्यात आले. पण चित्रकार थांबले नव्हते. १९७२ मध्येच त्यांनी ‘पापुन्या तुला’ ही स्वतःची कंपनी उभी केली होती.

पूर्वजांच्या भ्रमणातून डोंगर, पाणवठे आणि माणसांचे कायदे निर्माण झाले, अशी येथील श्रद्धा. पिट्जंट्जाट्जारा भाषेत तिला जुकुर्पा म्हणतात. कोणती कथा कोणी रंगवावी, हे नाते आणि वारसा यांवरून ठरते. सुरुवातीच्या चित्रांत दीक्षा न घेतलेल्यांनी पाहू नयेत अशा खुणा उघड दिसू लागल्या, तेव्हा जाणत्यांनी हरकत घेतली. पुढे अशा खुणा गाळल्या गेल्या किंवा ठिपक्यांखाली झाकल्या गेल्या. त्यामुळे चित्रातले सगळेच पाहणाऱ्याला उलगडत नाही, आणि ते उलगडावे अशी अपेक्षाही नाही.

चित्रांइतकेच विणकामही पाहण्यासारखे असते. ‘जान्पी’ म्हणजे गवत. १९९५ मध्ये वाळवंटातील आदिवासी स्त्रियांच्या परिषदेने टोपल्या विणण्याचे वर्ग घेतले, त्यातून जान्पी विणकर गट उभा राहिला. ब्लॅकस्टोन वस्तीतल्या बायकांनी गवताची खऱ्या आकाराची टोयोटा गाडी विणली आणि २००५ चा राष्ट्रीय आदिवासी कला पुरस्कार मिळवला. गवत आणायला निघालेल्या बायका लेकरा-नातवंडांनाही बरोबर नेतात. वाटेत शिकार होते, कंदमुळे खणली जातात आणि कोणत्या जागेची कथा कोणती, हे मुलांना तिथेच सांगितले जाते.