रक्तदाबाच्या संशोधनातून एड्सच्या औषधापर्यंत : प्रोटीएज इनहिबिटरची पार्श्वभूमी
एड्सवरचं पहिलं प्रोटीएज इनहिबिटर औषध मंजूर झालं डिसेंबर १९९५ मध्ये. त्याची तयारी मात्र एड्सचं नावही कुणी ऐकलं नव्हतं तेव्हापासून चालू होती, आणि तीही भलत्याच दुखण्यासाठी, रक्तदाबासाठी.

प्रोटीएज म्हणजे प्रथिनं कापणारं एन्झाइम. अन्न पचण्यापासून रक्त गोठण्यापर्यंत आपल्या शरीरातली कितीतरी कामं अशा एन्झाइमांवर चालतात. कापायची साखळी एन्झाइमच्या खाचेत येऊन बसते, तिचा एक जोड तुटतो, तुकडे बाहेर पडतात. त्या खाचेत घट्ट बसेल पण कापलं जाणार नाही असं रसायन अडकवलं की काम ठप्प. असं रसायन म्हणजेच प्रोटीएज इनहिबिटर. कल्पना इतकी सोपी आहे. खरी कसोटी निवडीची : बाकीची सगळी प्रोटीएज चालू ठेवून नेमकं एकच बंद पाडायचं.

हे जमतं याचा पहिला मोठा पुरावा सापाच्या विषातून मिळाला. ब्राझीलमधल्या जराराका सापाच्या विषात रक्तदाब उतरवणाऱ्या ब्रॅडिकायनिनचा परिणाम वाढवणारे घटक आहेत, हे सर्जिओ फेरेरा यांनी १९६५ मध्ये दाखवलं. हे घटक एसीई नावाचं, रक्तदाब चढवणाऱ्या साखळीतलं एन्झाइम अडवतात, हे पुढे कळलं. स्क्विब कंपनीतल्या मिगेल ओंडेट्टी आणि डेव्हिड कुशमन यांनी त्या धाग्यावरून तोंडाने घेता येईल असा छोटा रेणू घडवला. तोच कॅप्टोप्रिल, अमेरिकेत १९८१ मध्ये मंजूर. एनालाप्रिल, रामिप्रिल ही त्याचीच भावंडं. यांना कुणी प्रोटीएज इनहिबिटर म्हणत नाही, पण कामाच्या रीतीने ती तीच आहेत.

त्या साखळीत एसीईच्या आधीची पायरी रेनिन या एन्झाइमची. तिथेच बांध घातला तर आणखी बरं, असं औषध कंपन्यांना वाटणं साहजिक होतं. जपानमध्ये हमाओ उमेझावा यांच्या गटाला १९७० मध्ये एका जिवाणूपासून पेप्स्टॅटिन हे रसायन मिळालं होतं. रेनिन ज्या कुळातलं आहे, त्या कुळाला ते अडवतं. त्याची घडण समोर ठेवून १९८०च्या दशकात अनेक कंपन्यांनी रेनिन अडवणारे रेणू बनवले. परीक्षानळीत ते उत्तम चालत. पोटातून मात्र ते रक्तात धड पोहोचत नसत, आणि पोहोचले तरी यकृत त्यांना झटपट बाहेर काढी. त्यात एसीईवरच्या गोळ्या बाजारात येऊन बसल्याच होत्या. या वर्गातलं पहिलं औषध, अलिस्किरेन, मंजूर व्हायला २००७ उजाडलं. धंद्याच्या हिशोबाने ते दशक जवळपास पाण्यात गेलं. पण माझ्या मते औषधशास्त्रात इतक्या कामाला आलेलं अपयश दुसरं क्वचितच सापडेल.

कारण १९८५ मध्ये एचआयव्हीचा जनुकीय मजकूर हाती आला, आणि त्यात अ‍ॅस्पार्टिक आम्ल, थ्रिओनिन, ग्लायसिन अशी तीन अमिनो आम्लांची ओळखीची रांग दिसली. ही रेनिनच्या कुळाची खूण. रेनिनच्या साखळीत ती दोनदा येते. विषाणूची साखळी मात्र अवघी ९९ अमिनो आम्लांची आणि खूण एकदाच. मग दोन सारख्या साखळ्या एकत्र येऊन एक एन्झाइम बनत असावं, असा तर्क निघाला. मर्क कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये दाखवलं, की हे एन्झाइम बिघडवलं तर पेशीतून विषाणू बाहेर पडतात खरे, पण कुणाला लागण करू शकत नाहीत. त्यांची लांबलचक प्रथिनं न कापलेलीच राहतात. या कामातले एक प्रमुख शास्त्रज्ञ अर्विंग सिगल त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लॉकरबीच्या विमान बॉम्बस्फोटात गेले. फेब्रुवारी १९८९ मध्ये एन्झाइमची त्रिमित रचना प्रसिद्ध झाली. दोन साखळ्यांचा तर्क अचूक होता.

रेनिनवर हात बसलेले रसायनशास्त्रज्ञ तयारच होते. रॉश कंपनीच्या इंग्लंडमधल्या गटाने एक बारीक गोष्ट हेरली : विषाणूचं प्रोटीएज काही ठिकाणी प्रोलिन या अमिनो आम्लाच्या अगदी आधी कापतं, आणि माणसाची प्रोटीएज तिथे सहसा कापत नाहीत. त्या जागेची नक्कल केली की निवडीचा प्रश्न बराचसा सुटतो. यातून सॅक्विनाविर आलं, तेच डिसेंबर १९९५ चं पहिलं औषध. मार्च १९९६ मध्ये अ‍ॅबटचं रिटोनाविर आणि मर्कचं इंडिनाविर मंजूर झालं. इंडिनाविरची तपासणी तर अवघ्या ४२ दिवसांत उरकली. एकट्या औषधाला विषाणू लवकरच दाद देईनासा होई, म्हणून विषाणूला वेगळ्या रीतीने अडवणाऱ्या दोन जुन्या औषधांना प्रोटीएज इनहिबिटरची जोड दिली गेली. जुलै १९९६ च्या व्हँकुव्हर परिषदेत या तिहेरी उपचाराचे निकाल जगापुढे आले. अमेरिकेत एड्सने १९९५ मध्ये सुमारे ५०,००० मृत्यू झाले होते. १९९७ मध्ये आकडा निम्म्याखाली आला.

रुग्णांची दमछाक मात्र झाली. इंडिनाविर दर आठ तासांनी, शक्यतो रिकाम्या पोटी, भरपूर पाण्याबरोबर, नाहीतर मूतखडा. काहींचे गाल बसले आणि पोट सुटलं. सॅक्विनाविर गिळलं तरी त्यातलं जेमतेम ४ टक्के रक्तात पोहोचे. रिटोनाविरच्या पूर्ण मात्रेने मळमळ इतकी, की अनेकांनी ते सोडलं. त्यात १९९८ मध्ये त्याचे रेणू अचानक वेगळ्या, कमी विरघळणाऱ्या स्फटिकरूपात जमू लागले आणि कॅप्सूल बाजारातून काढून घ्याव्या लागल्या. पण त्याचा एक दोषच उपयोगी ठरला. यकृतातलं औषधं मोडणारं एक महत्त्वाचं एन्झाइम ते बंद पाडतं. त्यामुळे थोडंसं रिटोनाविर सोबत दिलं, की दुसरं प्रोटीएज इनहिबिटर रक्तात बराच वेळ टिकतं, गोळ्या कमी लागतात. २००० मध्ये आलेली लोपिनाविरची जोडगोळी याच युक्तीवर उभी होती.

यकृताला सूज आणणाऱ्या हेपॅटायटिस सी विषाणूचं प्रोटीएज त्यामानाने हट्टी निघालं. त्याची खाच उथळ, रेणूला धरायला जागाच नाही. टेलाप्रेविर आणि बोसेप्रेविर २०११ मध्ये आली. दोन-तीन वर्षांतच अधिक चांगल्या औषधांनी त्यांना मागे टाकलं.

करोनाच्या साथीत फायझरने २००३ च्या सार्ससाठी केलेलं काम पुन्हा बाहेर काढलं. डिसेंबर २०२१ मध्ये करोना विषाणूचं प्रोटीएज अडवणाऱ्या निर्माट्रेल्विरला तातडीच्या वापराची परवानगी मिळाली. सोबत १०० मिलिग्रॅम रिटोनाविर, दिवसातून दोनदा, पाच दिवस. यकृतावरचा त्याचा परिणाम इथेही तसाच. म्हणून कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या, हृदयाचे ठोके नियमित ठेवणारी काही औषधं किंवा अवयवरोपणानंतरची औषधं घेणाऱ्यांना हा कोर्स देण्याआधी डॉक्टर आधीच्या औषधांची पूर्ण यादी मागतात. काही औषधं तेवढे दिवस थांबवावी लागतात, आणि ते शक्य नसेल तर हा उपचारच टाळावा लागतो.